खोडाचा वास, बाटलीची किंमत

वुडी परफ्यूम घेताना एक अडचण असते, आणि ती दुकानदार कधी सांगत नाही. ज्या वासासाठी आपण पैसे मोजणार असतो, तो वास आपण दुकानात असेपर्यंत बाहेर आलेलाच नसतो. काउंटरवरची मुलगी कागदाच्या पट्टीवर फवारा मारते, पट्टी हवेत दोनदा हलवून पुढे करते, आणि आपल्या नाकाशी येतो तो बर्गमॉटचा, वेलदोड्याचा, मिऱ्याचा, नाहीतर नुसत्या अल्कोहोलचा वास. चंदन, देवदार, वाळा, अगर ही मंडळी मागे असतात. ती पुढे यायला अर्धा-पाऊण तास जातो, कधी दोन तासही. तोवर कार्ड स्वाइप झालेलं असतं.

कारण साधं आहे. लिंबाच्या सालीत लिमोनीन असतं, त्याचा रेणुभार १३६. चंदनाच्या तेलात सँटलॉल असतं, त्याचा २२०. हलका रेणू भुर्रकन उडतो, जड रेणू कातडीला चिकटून बसतो आणि सावकाश सुटतो. म्हणून कुठल्याही परफ्यूममध्ये लाकडाचा भाग तळाशी असतो आणि शेवटी कळतो. फुलांच्या किंवा लिंबाच्या परफ्यूममध्ये पहिल्या पाच मिनिटांवर भिस्त ठेवली तर फार बिघडत नाही. वुडीमध्ये पहिली पाच मिनिटं म्हणजे निव्वळ नांदी. धंद्यातल्या लोकांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती नांदी फार निगुतीने रचलेली असते, आणि बाटली तिच्यावरच विकली जाते.

वीस-पंचवीस हजारांची बाटली घ्यावी की नाही, हा प्रश्न आता फक्त गडगंज लोकांचा राहिलेला नाही. पहिल्या बोनसमधून, लग्नाच्या खरेदीत, परदेशातून येणाऱ्या भाच्याला ‘ड्युटी-फ्रीमधून घेऊन ये’ म्हणून सांगून अशा बाटल्या मराठी घरांत यायला लागल्या आहेत. घेणाऱ्यापाशी निवाड्याची साधनं कोणती, तर काचेचं वजन, झाकणाचं लोहचुंबक आणि मोबाइलवर कुणीतरी उत्साहाने केलेलं वर्णन. हे पुस्तक त्या माणसासाठी आहे. ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं मी पानोपानी सांगणार आहे, पण त्याआधी निवाडा कशावर करायचा हे ठरवून घेणं बरं.

तशी पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, राजाच्या कोशात घ्यायच्या मौल्यवान वस्तू कशा पारखाव्यात हे सांगताना मोती-हिऱ्यांच्या पंगतीला चंदन आणि अगरू बसवले आहेत. चंदनाच्या एकेका जातीचा रंग आणि वास तिथे नोंदलाय, आणि नोंदणाऱ्याने भीडभाड ठेवलेली नाही. एकाला मातीचा वास, एकाला आंब्याचा, एकाला माशाचा, आणि एकाला चक्क बोकडाच्या मुताचा! मग उत्तम चंदनाचे गुण येतात. ते हलकं असावं, कोरडं ठणठणीत नसावं, तुपासारखं अंगाला लागावं, कातडीत मुरावं. वास सुखाचा असावा पण अंगावर येणारा नसावा. उडून जाऊ नये, उष्णता सोसावी. अगरूचा वास पसरावा आणि चोळल्यावरही राहावा, अशी आणखी अपेक्षा. कोशागारातल्या अधिकाऱ्याने सरकारी पैसा देण्याआधी काय तपासावं, याची ही यादी आहे. कविता करायला कुणी बसलेलं नव्हतं. आजच्या बाटलीला ही कसोटी लावून पाहिली तेव्हा मला तिच्यात फारशी भर घालावी लागली नाही. त्यातले दोन मुद्दे तर या पुस्तकाचा कणाच आहेत: वास कातडीशी जमवून घेतो का, आणि तो अंगावर येतो का.

पण आधी खरं चंदन नाकाला ठाऊक हवं. आपण सगळे ‘चंदनाचा वास’ म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात साबण असतो किंवा उदबत्ती असते. कोरडं खोड नाकाशी धरलं तर फारसं काही हाती लागत नाही. सहाणेवर चार थेंब पाणी टाकून ते गोल फिरवायला लागलं की हळूहळू पिवळसर, दाट गंध उतरतं आणि वास उठतो. आधी किंचित आंबूस, ओल्या लाकडाचा; मग तापवलेल्या दुधावरच्या सायीचा; आणि अगदी तळाशी प्राण्याच्या अंगासारखी एक ऊबदार, जराशी अशिष्ट झाक. कौटिल्याला बोकड उगाच आठवला नव्हता. मनगटावर ते गंध वाळून त्याचा पापुद्रा धरला की वास बसल्यासारखा होतो, आणि अंग तापलं की पुन्हा वर येतो. मात्र पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारं खोड पुष्कळदा दुसऱ्याच लाकडाचं, वरून तेल चोपडलेलं असतं. दोन-चार वेळा उगाळलं की वास संपतो. पंढरपूरला चैत्रापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी असते, तो वास ज्याने घेतलाय त्याच्या नाकाला वेगळी शिकवणी नको. इतरांनी म्हैसूरच्या सरकारी कारखान्याच्या तेलाची लहानशी कुपी घ्यावी. महाग वाटेल, पण पुढची मोठी चूक वाचवते.

म्हैसूरचं नाव निघालंच आहे. चंदनाचं झाड स्वतःच्या मुळांवर पुरतं जगत नाही. शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून अन्नपाणी घेतं. तेल असतं ते खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत, म्हणून झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये ते राजवृक्ष ठरवलं, आणि तेव्हापासून आपल्या आवारात उगवलेलं चंदनही मालकाचं नव्हे अशी तऱ्हा पुढे फार काळ चालली. पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारं लाकूड अडकून पडलं, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये स्वतःच तेल काढायला सुरुवात केली. त्या तेलावर युरोपातल्या अत्तरांच्या कितीतरी पिढ्या पोसल्या गेल्या. शनेलचं ‘ब्वा देझिल’ १९२६ चं, गेर्लँचं ‘सांसारा’ १९८९ चं. दोन्ही चंदनाच्या जिवावर उभी. मधल्या काळात चोरटी तोड, झाडांवरचा रोग आणि लावण्यात कुणालाच फायदा नाही असा कायदा, यांनी मिळून जंगलं खलास केली. कर्नाटकाने २००१ मध्ये झाडाची मालकी जमीनमालकाला दिली, पण चंदनाचा गाभा धरायला वर्षानुवर्षं जातात. तोवर ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला कुनुनुराच्या आसपास आपल्याच जातीच्या चंदनाची शेती उभी राहिली. त्या देशाचं मूळचं चंदन वेगळ्या जातीचं आहे: जास्त कोरडं, साय कमी.

आता एक हिशोब करू. ५० मिलीलीटरची बाटली, तिच्यात अर्काचं प्रमाण सढळपणे २० टक्के धरू. म्हणजे १० मिली अर्क, बाकी अल्कोहोल आणि थोडं पाणी. हा सगळाच्या सगळा अर्क अस्सल चंदनाचं तेल आहे असं समजा, आणि तेलाचा भाव किलोला २ लाख रुपये धरा. १० ग्रॅमचे झाले २ हजार. बाटली वीस हजारांची असली तर अशा अशक्य उदारपणातही लाकडाचा वाटा दहा टक्के. प्रत्यक्षात असा अर्क कुणी भरत नाही; त्यात खऱ्या तेलाचा अंश असला तर असतो, बाकी काम प्रयोगशाळेतल्या रेणूंचं. खोक्याच्या मागे वाचून ते कळणारही नाही. तिथे अल्कोहोल, पाणी, मग ‘परफ्यूम’ असा एकच शब्द आणि त्यानंतर लिनलूल, लिमोनीन वगैरे ॲलर्जीच्या दृष्टीने सांगावेच लागणारे घटक. पुढच्या बाजूला ‘सँडलवुड’ छापलेलं असतं, ते वासाचं वर्णन म्हणून. घटकांची हमी म्हणून नव्हे.

हा हिशोब ऐकून काही वाचक लगेच ‘म्हणजे लूटच की’ म्हणतील. तसं मला वाटत नाही. चित्राची किंमत कॅनव्हास आणि रंगांच्या नळ्यांवरून ठरत नाही. वुडी परफ्यूममध्ये लाकडापेक्षा रचना महाग असते, म्हणजे वीस-तीस पदार्थ एकमेकांना न चिरडता आठ तास कसे वागतील हे ठरवणारं कुणाचं तरी नाक. त्यावर दुकानाचं भाडं, जाहिरात, आयातीचा कर आणि नावाचा मान. यातल्या रचनेचे पैसे मी आनंदाने देईन. नावाच्या मानाचे द्यायचे की नाहीत हे ज्याचं त्याने ठरवावं, फक्त ते लाकडाचे म्हणून देऊ नयेत.

गेल्या दीड दशकातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या ल लाबोचं ‘सँताल ३३’. २०११ मध्ये ते आलं, आणि काही वर्षांत तिथल्या कॅफेंमध्ये, हॉटेलांच्या लॉबीत, लिफ्टमध्ये तोच वास येऊ लागला. कंपनी तेव्हा लहान होती. २०१४ मध्ये एस्टी लॉडरने ती घेतली. नावात चंदन आहे, म्हणून आपला माणूस देवघराच्या अपेक्षेने जातो आणि गोंधळतो. तिथे साय नाही. वेलदोडा आहे, नव्या कोऱ्या वहीचा कागद आहे, चामडं आहे, कोरडा सीडर आहे आणि ऑस्ट्रेलियन चंदनाची धारदार बाजू आहे. अमेरिकेत काही नाकांना त्यात चक्क काकडीच्या लोणच्याचा वास येतो, आणि त्यावरून तिथे भरपूर चेष्टा झालेली आहे. त्या लोणच्यात शेपू असतो. तेव्हा मराठी नाकाला शेपू आला तर बिचकू नये, नाक ठीक आहे. शेपूची भाजी आवडणारे आणि पानात बघून उठणारे अशी घराघरांत फाळणी असतेच. या बाटलीचंही तेच. मला विचाराल तर रचना फार हुशार आहे आणि एका दृष्टीने पैसे वसूल आहेत, पण चंदनासाठी ती घेऊ नये. चंदन हवं असलेल्या माणसाला ती चार दिवसांत कपाटात मागे ढकलावीशी वाटेल.

प्रयोगशाळेतल्या रेणूंबद्दल नाक मुरडायची आपल्याकडे सवय आहे. ‘नॅचरल आहे का?’ हा प्रश्न दुकानात ‘किती टिकतं?’च्या खालोखाल विचारला जातो. त्यांतल्या एका रेणूचंच पाहा. १९७३ मध्ये आयएफएफ कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी आयसो ई सुपर नावाचा पदार्थ बनवला. वास सांगणं कठीण: तासलेलं लाकूड, मखमल, आणि मधेच काहीच नाही. २००६ मध्ये या एकाच पदार्थाच्या जोरावर दोन टोकांच्या दोन गोष्टी झाल्या. जाँ-क्लोद एलेनाने एर्मेससाठी ‘तेर देर्मेस’ रचलं, त्यात संत्र, गारगोटी, वाळा यांना हा पदार्थ भरपूर प्रमाणात वापरून एकत्र बांधलं. त्याच वर्षी गेझा शोन याने ‘मॉलेक्यूल ०१’ काढलं, त्यात अल्कोहोलखेरीज दुसरं काही नव्हतंच, नुसता आयसो ई सुपर. पहिलं मी कुणालाही डोळे झाकून सुचवीन. दुसरं गमतीदार आहे; लावणाऱ्याला वास येत नाही आणि समोरचा विचारतो, काय लावलंय? पण एका सुट्या, सहज मिळणाऱ्या पदार्थासाठी इतके पैसे देताना माझा हात अडखळतो. कल्पनेचे एकदा पैसे देणं ठीक, दुसरी बाटली घेणं म्हणजे हौस.

आता ‘किती टिकतं?’ हा प्रश्न. तो चुकीचा नाही, पहिला विचारणं चुकीचं. वास बारा तास टिकवणं आता अवघड राहिलेलं नाही. अंबर-लाकडी वळणाचे काही अतिशय दणकट रेणू निघाले आहेत. चिमूटभर घातले की शर्ट धुतल्यावरही वास राहतो. काही नाकांना ते छान कोरडे वाटतात, आणि काहींना सर्जिकल स्पिरिट नाकात गेल्यासारखे टोचतात. स्वस्त आणि महाग दोन्हींत ते सर्रास असतात, कारण गिऱ्हाईक टिकण्याचे पैसे देतं. कौटिल्याने न उडण्याबरोबर अंगावर न येण्याचीही अट का घातली, हे सकाळी ८:१२ च्या फास्ट लोकलमध्ये असा कुणी शेजारी येऊन उभा राहिला की समजतं. शिवाय आपलं नाक सरावतं. तासाभराने स्वतःला वास येईनासा होतो, माणूस म्हणतो उडालं वाटतं, आणि आणखी तीन फवारे मारतो. त्याला येत नसतो, बाकी ऑफिसला येत असतो.

हवेचाही हिशोब धरायला हवा. हे परफ्यूम बहुतेक थंड, कोरड्या शहरांत रचलेले आणि तिथल्याच अंगांवर पारखलेले. पॅरिसच्या नोव्हेंबरमध्ये जे अगरचं परफ्यूम शालीसारखं अंगाभोवती राहतं, ते मुंबईच्या मे महिन्यात घामावर सगळंच्या सगळं एकदम उसळतं. उलट वाळ्याचं किंवा कोरड्या सीडरचं हलकं परफ्यूम पुण्याच्या डिसेंबरात मुकं वाटतं आणि एप्रिलमध्ये खुलतं. म्हणून मॉलच्या एसीत, कागदाच्या पट्टीवर घेतलेला निर्णय हा तिसऱ्याच हवामानातला निर्णय असतो. पट्टीला अंगाची ऊब नाही, तेल नाही, घाम नाही. पट्टीचा उपयोग नको ते वगळण्यापुरता. उरलेल्यांतलं एक, फार तर दोन, मनगटांवर घ्यावं आणि दुकानातून निघून जावं. विक्रेती कॉफीच्या बिया पुढे करील. नाक ताजं करायला त्या साध्या हवेपेक्षा सरस नाहीत असं प्रयोगात दिसलं आहे. स्वतःच्या बाहीचा वास घेतला तरी पुरतं. मग चालावं, जेवावं, बस पकडावी. दुपारी मनगट नाकाशी न्यायचं. तिथे लाकूड उरलंय की नुसती गोडी, की ती टोचणी, हे तेव्हा कळतं. त्याहून बरं म्हणजे पाच मिलीची डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून दिलेली कुपी, मागवून आठवडाभर वापरणं आणि घरातल्यांना काही न सांगणं. आईने किंवा बायकोने ‘आज काय लावलंयस?’ असं विचारण्याचा सूर फार बोलका असतो.

एक फवारा साधारण ०.१ मिलीचा. ५० मिलीत पाचशे फवारे, वीस हजारांच्या बाटलीत फवाऱ्याला चाळीस रुपये. रोज तीन मारले तर एकशेवीस. हा आकडा समोर ठेवला की बाटली ‘रोज वापरीन’ म्हणून घेणाऱ्याचा आणि ‘लग्नाकार्याला’ म्हणून घेणाऱ्याचा निर्णय वेगळा होतो. लग्नाकार्यासाठी डिकँट भरपूर झाली.

मराठी नाकाची एक जमेची बाजू सांगितली पाहिजे. वुडी कुटुंबातले अर्धे सदस्य आपल्या घरचेच आहेत. गेर्लँचं १९५९ चं ‘वेतिवेर’ हा अभिजात नमुना मानतात; त्यातली मुळी म्हणजे माठात टाकतो तो वाळा. बाजारात अगर ‘औद’ नावाने म्हणून जे विकलं जातं त्यातला धुरकट, मातकट भाग पुष्कळदा नागरमोथ्याच्या तेलाने उभा केलेला असतो, आणि नागरमोथा आपण दिवाळीच्या पहाटे उटण्यातून अंगाला चोळत आलो आहोत. खरा अगर हा झाडाला इजा आणि बुरशीची लागण झाल्यावर साठणारा राळेसारखा भाग. आसामात होजाईला त्याचा मोठा व्यापार आहे, आणि या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. इतका दुर्मिळ माल मॉलमधल्या प्रत्येक काळ्या बाटलीत कसा मावेल, हे विचारायला हरकत नाही. सीडरची तर गंमतच: परफ्यूममधला ‘व्हर्जिनिया सीडर’ देवदाराच्या कुळातला नाहीच, तो ज्युनिपर. पेन्सिली त्याच लाकडाच्या बनत, म्हणून टोक केल्यावर येणारा वास ओळखीचा वाटतो. पण याच ओळखीचा तोटाही आहे. चंदन म्हणजे देवघर, वाळा म्हणजे सरबत, अशा गाठी इतक्या पक्क्या असतात की वेगळी रचना समोर आली की आपण तिला ‘पूजेचा वास’ म्हणून मोडीत काढतो. दोन-तीन दिवस अंगावर वागवल्याखेरीज ती गाठ सुटत नाही.

पुढच्या प्रकरणांत चंदन, सीडर, वाळा आणि अगर असे चार भाग आहेत. चंदनाला सर्वांत जास्त पानं दिली आहेत आणि अगरला सर्वांत कमी, कारण अगरच्या नावाखाली जे मिळतं त्यातलं बरंचसं मला पैसे घालण्याजोगं वाटत नाही. पचौली पानांची असल्याने वगळली. तिच्या चाहत्यांचा राग मी पत्करला आहे. किमती दिलेल्या नाहीत, त्या छापखान्यातून पुस्तक येईपर्यंत बदलतात. जुन्या परफ्यूमबद्दलचं मत आज दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर बेतलेलं आहे. घटकांचे नियम आणि मालाची टंचाई यांमुळे त्याच नावाखालचा रस बदलत राहतो, तेव्हा कुणाच्या काकांकडची तीस वर्षांपूर्वीची बाटली वेगळी निघाली तर दोघंही बरोबर असू शकतात. अर्ध्या किमतीत ‘ओरिजिनल’ देणाऱ्यांसाठी वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही. त्यांच्याकडून घेऊ नका एवढंच. शेवटचं प्रकरण मोहम्मद अली रोडवरच्या आणि कनौजच्या अत्तरांवर आहे. पूर्वी तिथे फुलांचा अर्क चंदनाच्या तेलावर उतरवत, आता स्वस्त मालात पातळ पॅराफिनवर उतरवतात, आणि दोन्हींतला फरक हातावर कसा पाहायचा हे तिथे सांगितलंय. ज्यांचं बजेट दोन हजारांच्या आत आहे त्यांनी पुस्तक तिथूनच उघडावं.